धानाच्या कोंड्यातील तेलाची परीक्षा

भंडारा जिल्ह्याचे मुख्य पीक धान असल्याने येथे कोंडा विपुल मिळतो. तूस निराळे, कोंडा म्हणजे तांदळावरील तपकिरी थर. त्यात साधारणतः शेकडा १५ ते २० भाग तेल असते. हलरमध्ये तूस मिसळल्यास हे प्रमाण घटते.

मापनासाठी सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये वर्णिलेले उपकरण वापरतात. वाळविलेल्या ५ ग्रॅम कोंड्यातून पेट्रोलियम ईथर काही तास पुनःपुन्हा फिरवितात. मग ईथर उडवून उरलेले तेल तोलतात. ते ०.८ ग्रॅम भरल्यास प्रमाण शेकडा १६ होय. ईथर चटकन पेट घेते, म्हणून जवळ उघडी ज्योत नसावी.

परंतु एवढ्याने भागत नाही. कोंडा निघताच त्यातील लायपेज हे विकर तेलाचे विघटन आरंभिते व काही तासांतच आम्लता वाढते. असे तेल शुद्ध करताना घट फार येते. उकड्या तांदळाचा कोंडा त्या मानाने टिकतो, कारण उष्णतेने विकर निष्क्रिय झालेले असते. आम्लता पाहण्यासाठी तेलात अल्कोहोल व फिनॉल्फ्थॅलीन घालून गुलाबी रंग टिकेपर्यंत दाहक सोड्याचा द्राव थेंबाथेंबाने सोडतात. द्राव जितका अधिक लागेल, तितकी आम्लता अधिक.

म्हणून नमुना गिरणीच्या तोंडाशीच घ्यावा, घट्ट बाटलीत थंड ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावा आणि चिठ्ठीवर तारखेबरोबर वेळही लिहावी.