चेन्नईची भूमी आणि भूकंपाच्या जोखमीचे गणित

चेन्नईच्या दक्षिणेस पल्लावरम् व सेंट थॉमस माउंट येथे चार्नोकाइट हा अतिप्राचीन, कठीण खडक उघडा पडलेला आहे. (कलकत्त्यातील जॉब चार्नॉकच्या थडग्याची शिळा याच जातीच्या खडकाची असल्याने त्यास हे नाव मिळाले.) किनाऱ्यालगतच्या व नद्यांकाठच्या अनेक भागांत मात्र गाळ, वाळू आणि चिकणमाती यांचे थर आहेत. एकाच भूकंपाचा हादरा या दोन्ही भूमींवर सारखा बसत नाही. मऊ थरांत शिरताना कंपनांचा वेग मंदावतो आणि त्यांचा जोर बहुधा वाढतो.

२५ सप्टेंबर २००१ रोजी पाँडिचेरीजवळ समुद्रात सुमारे ५.५ महत्तेचा भूकंप झाला व चेन्नईतील लोक घराबाहेर पळाले. २००२ साली भारतीय मानकात सुधारणा होऊन हे शहर दुसऱ्या भूकंपविभागातून तिसऱ्यात गेले. परंतु विभागाचा क्रमांक केवळ भूमीविषयी बोलतो. भूमीवर काय उभे आहे, हे तो सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात गणला जात होता. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो लोक प्राणास मुकले.

धोका, त्याच्या कक्षेत येणारी माणसे व इमारती, आणि त्या इमारतींचा दुबळेपणा, अशा तिहींच्या गुणाकारातून जोखीम ठरते. हा गुणाकार करण्यासाठी संगणकाच्या आज्ञावली तयार झाल्या आहेत. नॉर्वेतील नॉरसार या संस्थेची ‘सेलेना’ ही त्यांपैकी एक. शहराचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागातील जमीन, घरांचे प्रकार व लोकसंख्या तीत भरावयाची. मग एखाद्या कल्पित भूकंपात किती घरांना किरकोळ तडे जातील, किती पूर्णपणे ढासळतील, याचा अंदाज ती देते. जीवितहानीचा हिशेब रात्रीचा वेगळा, दिवसाचा वेगळा, कारण माणसे एकाच जागी राहत नाहीत. तिची जोडीदार ‘राइझ’ हे आकडे नकाशावर रंगांनी दाखविते.

रंगीत नकाशा पाहणाऱ्यास निश्चिततेचा भास होतो, आणि तेथेच सावध राहिले पाहिजे. भूकंपाचा उगम, अंतरानुसार हादरा कसा ओसरतो याचे सूत्र, जमिनीचे गुणधर्म या सर्वांविषयी तज्ज्ञांत मतभेद असतात. म्हणूनच सेलेनामध्ये निरनिराळी गृहीतके त्यांच्या विश्वासार्हतेनुसार भार देऊन चालविता येतात, व उत्तर एका आकड्याऐवजी पल्ल्याच्या रूपात मिळते.

याहून मोठी उणीव घरांच्या यादीत असते. जनगणनेत भिंत कशाची, छप्पर कशाचे, याची नोंद आहे. तळमजला मोकळा आहे काय, याची नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतील पुष्कळशा खाली वाहनांसाठी खांबांवर उभ्या होत्या. वरचे मजले भिंतींनी ताठ, खाली नुसते खांब. साहजिकच सारा ताण खांबांवर येतो. तशा इमारती चेन्नईतही गल्लोगल्ली आहेत. यादीत त्या ‘सिमेंट काँक्रीट’ या एकाच सदरात पडल्या, तर संगणक त्यांना भक्कम घरांच्या पंक्तीस बसवील. त्यांचे वेगळे सदर करावयाचे, तर कोणीतरी रस्त्यारस्त्याने हिंडून, प्रत्येक इमारतीपुढे थांबून, तिचे मजले आणि खांब पाहून तक्ता भरला पाहिजे.