लेट तारखेचा भरवसा

चेन्नईत प्लॅनिंगच्या कामावर येणाऱ्या मराठी इंजिनियरला मी आधी पावसाबद्दल सांगतो, सॉफ्टवेअरचं नंतर. आपल्याकडे दसरा झाला की कामांना जोर येतो. इथे दसरा झाला की पंप शोधावे लागतात. २० ऑक्टोबरच्या सुमारास ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत वर्षातला निम्म्याहून अधिक पाऊस पाडून जातो. २०१५ च्या नोव्हेंबरात तर शहरात हजार मिलिमीटरच्या वर पडला. ते साल सोडून द्या. उघड्या खड्ड्याची वाट लावायला साधा नोव्हेंबरही पुरतो.

हे मी पाहिलं ते ओएमआरवर (ओल्ड महाबलीपुरम रोडवर), पल्लिकरणैच्या दलदलीकडच्या सखल भागातल्या एका ऑफिस इमारतीच्या कामावर. क्रिटिकल होता मुख्य टॉवर. फायरसाठीची जमिनीखालची पाण्याची टाकी बाजूला होती, निवांत. खोदाई २० दिवस, राफ्ट १५, भिंती २०, वॉटरप्रूफिंग आणि भराव १५, एकूण ७०. लवकरात लवकर सुरुवात १० ऑगस्टला, म्हणजे शेवट १८ ऑक्टोबरला. फ्लोट, म्हणजे प्रकल्पाचा शेवट न हलवता थांबायची सवड, ५० दिवसांचा. त्यामुळे लेट स्टार्ट २९ सप्टेंबर, लेट फिनिश ७ डिसेंबर.

क्लायंटच्या कन्सल्टंटने दोन्ही तारखा चार्टवर मागितल्या होत्या, आणि ते योग्यच होतं. नुसत्या अर्ली बारमधून कुठे सवड आहे आणि कुठे नाही हे कळत नाही. वर निळा बार अर्लीचा, खाली करडा लेटचा, असा ए-थ्री प्रिंट मीटिंगच्या टेबलावर आला. क्लायंटच्या माणसाने बोट ठेवलं निळ्यावर, कॉन्ट्रॅक्टरच्या प्रोजेक्ट मॅनेजरने करड्यावर. ‘‘सार, टँकला पन्नास दिवस फ्लोट आहे, पोकलेन आधी टॉवरला घेतो,’’ तो म्हणाला. कागदावर त्याचं काही चुकत नव्हतं. खोदाई सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झाली, लेट स्टार्टच्या आत. पुढच्याच आढाव्यात टाकीच्या ओळीला हिरवा रंग होता.

मग पाऊस आला. जमिनीतलं पाणी वर चढलं, रात्रंदिवस पंप लावूनही खड्ड्यात गुडघाभर राहिलं, एक बाजू ढासळली आणि केलेलं पीसीसी गाळाखाली गेलं. दिवाळी-छठला गावी गेलेले बिहारचे कामगार आरामात परतले. टाकी पूर्ण झाली ती पोंगलनंतर बऱ्याच दिवसांनी. तोवर टॉवर उभा होता, पण टाकीशिवाय फायरची एनओसी मिळेना. सगळ्यात निवांत ओळीने अख्खी इमारत अडवून धरली.

लेट तारीख ही निव्वळ वजाबाकी असते. प्रकल्पाच्या शेवटाकडून मागे यायचं आणि एकेका कामाचे दिवस वजा करत जायचं. ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास क्रिटिकल पाथची पद्धत बसवली तेव्हापासून हिशोब हाच आहे. या वजाबाकीला ऋतू कळत नाहीत. ते आपण कॅलेंडरमधून सांगावे लागतात. त्याच टाकीच्या खोदाई, राफ्ट आणि भिंतींना वेगळं कॅलेंडर लावा, १५ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर काम बंद असं. भिंती १४ ऑक्टोबरला संपायलाच हव्यात, म्हणून त्यांची लेट स्टार्ट २५ सप्टेंबरवर येते, राफ्टची १० सप्टेंबरवर आणि खोदाईची २१ ऑगस्टवर. पन्नासाचे उरतात अकरा. हे अकरा मीटिंगमध्ये दिसले असते तर पोकलेन हलवायला कोणी धजावलं नसतं. भिंतींनाही हे कॅलेंडर का, असं तरुण मुलं विचारतात. रिकामी टाकी पाणी चढलेल्या जमिनीत वर उचलली जाऊ शकते, म्हणून. भिंती झाल्या की गळती तपासायला आत पाणी भरता येतं आणि तेच वजन तिला धरून ठेवतं.

दुसरा घोळ करड्या बारचाच. चारही कामांपुढे ५० दिवसांची शेपटी दिसत होती, म्हणून खोदाईवाल्याला वाटलं पन्नास आपले, राफ्टवाल्याला वाटलं पन्नास आपले. प्रत्यक्षात ते पन्नास चौघांत मिळून एकदाच होते. पहिल्याने तीस खाल्ले की बाकीच्यांना वीसच. पहिल्या तिघांचा फ्री फ्लोट शून्य होता. पुढच्याला धक्का न लावता थांबण्याची मुभा फक्त भराववाल्याला होती. म्हणून शेपटी काढायची तर टोटल फ्लोटची की फ्री फ्लोटची, ते लेजंडमध्ये लिहा. एमएस प्रोजेक्टमध्ये बार स्टाइल्समध्ये ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ निवडून लेट स्टार्ट ते लेट फिनिशचा बार काढता येतो. प्रिमावेरात लेट बार आणि फ्लोट बार वेगळ्या ओळीत टाकता येतात. मेस्त्रीच्या हातात मात्र दोन बारचा चार्ट कधी देऊ नका. त्याला एकच तारीख द्या, अर्लीची. लेट तारखा प्लॅनरच्या आणि ज्याला निर्णय घ्यायचाय त्याच्या कामाच्या. फ्लोट कोणाच्या मालकीचा, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं आहे का तेही बघा. बहुतेक वेळा नसतं आणि मग भांडण तिथेच होतं.

एखाद्या कामाला दोन-तीनशे दिवस फ्लोट दिसला तर खूश होऊ नका. बहुधा त्याच्यापुढे काही जोडायचंच राहून गेलेलं असतं, त्यामुळे त्याची लेट फिनिश थेट प्रकल्पाच्या शेवटच्या दिवशी जाऊन बसते. लेट बार दाखवायचा सगळ्यात मोठा फायदा मला तरी हाच वाटतो: तुटलेली साखळी लगेच डोळ्यांत भरते.

आणि शेवटच्या कामाला डेडलाइन टाका. ती नसली की क्रिटिकल काम जेवढं घसरेल तेवढ्या बाकीच्यांच्या लेट तारखाही पुढे सरकतात. प्रकल्प रखडतोय आणि टाकीचा फ्लोट वाढतोय, असा चार्ट तयार होतो आणि तो पाहून लोक आणखी निवांत होतात. एमएस प्रोजेक्टची बेसलाइन सुरुवात आणि शेवट जपते, लेट तारखा नाही. शेड्युल मंजूर होईल त्याच दिवशी लेट फिनिशचा कॉलम कॉपी करून ‘डेट १’ या रिकाम्या फील्डमध्ये चिकटवून ठेवा, आणि दर महिन्याच्या अपडेटला नवा कॉलम त्याच्या शेजारी लावून छापा.