अदृश्य चिन्हांचा शोध

संगणकावरील मजकुरात डोळ्यांना दिसते तेवढेच असते, अशी समजूत करून घेणे योग्य नव्हे. शब्दांमधील मोकळी जागा आणि ओळ संपल्याची खूण हीदेखील न उमटणारी चिन्हेच होत. त्यांपैकी काही उपद्रवी, तर काही अर्थाला आधार देणारी असतात.

सन १९८१ मध्ये निपाणी येथे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले. समजा, त्याविषयीच्या लेखात आपण ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द शोधला. तो समोर स्पष्ट दिसतो. तथापि टेक्स्ट एडिटर म्हणतो, ‘शब्द आढळला नाही’. असे का व्हावे?

याचे कारण ‘ऱ्य’ या जोडाक्षरात आहे. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे घडते. पहिल्या प्रकारात टिंबयुक्त ‘ऱ’, हलन्तचिन्ह व ‘य’ असे तीन घटक असतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्तचिन्ह, शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह व ‘य’ असे चार. दुसरा प्रकार जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेला आहे. दोहोंचे रूप एकच. परंतु साधा एडिटर रूप पाहत नाही, घटक जुळवून पाहतो.

मग सर्व अदृश्य चिन्हे एकदम पुसून टाकावीत काय? तसे केल्यास ‘शेतकऱ्यांचा’ याचे ‘शेतकर्यांचा’ होईल आणि चोर्ला घाटातील ‘दऱ्या’ ‘दर्या’ बनतील, म्हणजे डोंगरात समुद्र अवतरेल!

यास्तव पुढील क्रम पाळावा. प्रथम मूळ मजकुराची प्रत जपून ठेवावी. नंतर संशयित जोडाक्षर त्या मजकुरातूनच उचलून ‘शोधा’ या चौकटीत चिकटवावे. स्वतः टंकित करू नये, कारण आपल्या कळफलकावरून दुसराच प्रकार उमटण्याचा संभव असतो. ‘बदला’ या चौकटीत टिंबयुक्त ‘ऱ’चे रूप द्यावे. ‘कऱ्हाड’मधील ‘ऱ्ह’ याचेही असेच करावे. त्यानंतरच उपद्रवी चिन्हांकडे वळावे : न तुटणाऱ्या मोकळ्या जागेऐवजी साधी जागा घालावी व शून्य रुंदीची जागा काढून टाकावी. प्रारंभी चार-दोन ठिकाणी बदल तपासून मगच ‘सर्व बदला’ ही आज्ञा द्यावी.

आपल्या सीमाभागाचा इतिहास आता संगणकावर उतरत आहे. त्यातील शब्द उद्याच्या अभ्यासकाला सापडावेत, एवढ्यासाठी तरी विद्यार्थ्यांनी ही दक्षता अंगी बाणवावी.