राणीछाप रुपयावरचे ठिपके

प्रश्न : मी शारजाला राहते. दुबईत देऱ्याच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून राणीछाप चांदीचा रुपया घेतला. साल १८६२. फार झिजलाय, सालाखाली दोन-तीन ठिपके दिसतात. ओळखीचे म्हणतात, नाणं खोटं आहे. चिंचेने घासून पाहू का?

उत्तर : ताई, आधी चिंच बाजूला ठेवा! ठिपक्यांवरून नाणं खोटं ठरत नाही. १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसंच छापत राहिले. मुंबई टांकसाळीने नाणं खरं कोणत्या वर्षीचं हे ठिपक्यांनी नोंदवलं. काहींवर ते सालाच्या वरही असतात. म्हणजे तुम्ही ज्याला दोष समजता, तीच कदाचित त्याची ओळख.

खोली अंधारी करून मोबाईलचा टॉर्च नाण्याच्या कडेला अगदी आडवा धरा. साच्यातला ठिपका उंचवट्यासारखा उठून दिसतो, मार लागलेला खड्डा आत सावली धरतो. मग राणीच्या पोशाखावरची नक्षी आणि मागची फुलं भिंगातून पाहा. त्यांचेही प्रकार आहेत, आणि झिजल्यावरही खोलगट भागात ती तग धरतात. वजन मूळ ११.६६ ग्रॅम, झिजल्याने थोडं कमी भरेल. खूपच कमी भरलं किंवा चुंबकाला चिकटलं, तर मात्र शंका घ्या.

दुबई-शारजात १९६६ पर्यंत भारताने काढलेला रुपयाच चालत होता, त्यामुळे असं नाणं तिथे सापडणं नवल नाही. मात्र गावाकडची शंभर वर्षांहून जुनी नाणी तिकडे नेऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने त्याला मनाई आहे.