आपले घर आपण रंगवू

पाऊस सरला, दसरा जवळ आला, की गावोगाव घरांची झाडलोट सुरू होते. भिंतीला चुना द्यायचा असतो. दाराला रंग द्यायचा असतो. रंगारी लावावा तर मजुरी परवडत नाही. मग घरचीच माणसे कुंचला हाती घेतात. यात कमीपणा काही नाही. मात्र काम समजून करावे. नाही तर पैसा जातो, श्रम जातात आणि दार पहिल्याहून वाईट दिसते.

आमची फजिती

आमचे एकदा असेच झाले. सन 2009 ची गोष्ट. जावईबापूंचा पहिला दिवाळसण होता. पुढच्या दाराची रया गेली होती. आम्ही बाजारातून हिरव्या तेलरंगाचा डबा आणला. कुंचला मात्र सर्वांत स्वस्त निवडला. परतीच्या पावसाने दाराच्या फळ्या अजून ओल्या होत्या. जुन्या रंगाचे पोपडे सुटले होते. आम्ही फडक्याने धूळ झटकली आणि वरून एकच जाड हात दिला. म्हटले, झाले काम!

दुसऱ्या दिवशी पाहतो तो कुंचल्याचे केस जागोजाग रंगात चिकटलेले. पाडव्याला जावईबापू दाराला टेकून बसले. उठले तेव्हा नव्या सदऱ्याची पाठ हिरवी! सगळे हसले. आम्हीही हसलो, पण मनातून ओशाळलो. होळी आली तोवर दाराचे पापुद्रे निघू लागले.

पुढे एक म्हातारे रंगारी गावात कामाला आले होते. त्यांना आम्ही ते दार दाखवले. त्यांनी नखाने एक पापुद्रा काढला आणि विचारले, "गुरुजी, पोरगं पाटी न पुसता तिच्यावर लिवाया लागलं, तर तुम्ही काय म्हणता?"

आम्ही म्हटले, "आधी पाटी पूस, म्हणतो."

"मग हितं तुमी काय केलंत?"

आम्हाला उत्तर सुचेना. जन्मभर मुलांना जे सांगितले, तेच स्वतः विसरलो होतो. रंग वरून लागतो, पण टिकतो तो खालच्या तयारीवर. त्या रंगारीबाबांनी जे शिकवले आणि पुढे आम्ही जे करून पाहिले, ते येथे सांगत आहोत.

कुंचला कसा पारखावा

जसे काम, तसा कुंचला. चुन्याला घायपाताच्या किंवा अंबाडीच्या धाग्यांचा जाड कुंचा चांगला. केसांचा ब्रश चुन्यात घालू नये. चुना केस खातो.

तेलरंगाला केसांचा ब्रश लागतो. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाला नायलॉनच्या धाग्यांचा ब्रश घ्यावा. जनावराचे केस पाण्याने फुगतात आणि लिबलिबीत होतात.

खिडकीच्या गजांना 1 इंची ब्रश पुरतो. चौकटीला 2 इंची आणि दाराच्या रुंद फळ्यांना 3 इंची घ्यावा.

दुकानात ब्रश हातात घेऊन पाहावा. केस बोटांनी वाकवून सोडावेत. ते झटकन सरळ झाले पाहिजेत. मग हळूच ओढून पाहावेत. दोन-चार केस हातात आले तर चालतील. झुपक्याने आले तर ब्रश परत ठेवावा. पत्र्याची पट्टी मुठीवर घट्ट बसलेली असावी. केस दाट असावेत. स्वस्त ब्रशात पुष्कळदा मध्ये पोकळी असते. तो रंग धरत नाही, नुसता गाळतो.

नवा ब्रश आणला की तळहातावर आपटावा. सुटे केस गळून जातात. मग साबणाने धुऊन पूर्ण वाळवावा.

भिंतीला चुना

चुनकळी म्हणजे भाजलेली चुनखडी. ती पाण्यात पडली की उकळी फुटल्यासारखे पाणी तापते. म्हणून चुना प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवू नये. लोखंडी पिंप घ्यावे. आधी पाणी भरावे. मग चुनकळी थोडी थोडी टाकावी आणि लांब काठीने ढवळावे. चुनकळीवर वरून पाणी कधीही ओतू नये. तोंड पिंपावर नेऊ नये. डोळ्यांना चष्मा लावावा.

येथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. सन 1994 मध्ये आम्ही एका शाळेत शिक्षक होतो. 26 जानेवारीसाठी भिंती पांढऱ्या करायच्या होत्या. आम्ही मोठ्या मुलांनाच चुना भिजवायला बसवले. चुना फसफसला आणि एका मुलाच्या डोळ्यात शिंतोडा उडाला. मूल कळवळून ओरडले. कोणी म्हणाले तूप घाला, कोणी म्हणाले दूध घाला. शाळेतल्या एका बाईंनी कोणाचे ऐकले नाही. त्यांनी पोराला नळाखाली धरले, पापण्या उघड्या धरल्या आणि पाण्याची धार सोडली. पुष्कळ वेळ सोडली. मग त्याला दवाखान्यात नेले. डोळा वाचला. पण ते काम मुलांचे नव्हते. त्याची बोच आम्हाला अजून आहे.

चुना डोळ्यात गेला तर चोळू नका. तूप, दूध, औषधी पाला काही घालू नका. लगेच स्वच्छ पाण्याची धार धरा. निदान अर्धा तास धरा. मग वेळ न दवडता डॉक्टरकडे जा.

भिजवलेला चुना एक-दोन दिवस ठेवावा. जाडसर फडक्याने गाळावा. ताकाइतका पातळ करावा. त्यात डिंकाचे पाणी किंवा भाताची पेज मिसळावी, म्हणजे अंगाला लागत नाही. भिंतीचे पोपडे खरवडून, धूळ झाडून घ्यावी. कोरड्या भिंतीवर आधी पाण्याचा हात फिरवावा. पहिल्यांदा कुंचा वरखाली चालवावा आणि ते ओले असतानाच आडवा चालवावा. ओला चुना भिंतीवर फिका दिसतो. म्हणून नवखा माणूस घाबरून जाड थर देतो. तसे करू नये. वाळल्यावर तो आपोआप पांढरा होतो. पहिला हात वाळला की दुसरा द्यावा.

चुना हवेतला कर्बवायू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे आपण भिंतीला दगडाचीच पातळ साल चढवतो.

दाराची पाटी पुसणे

आता दार घेऊ. लाकूड पूर्ण वाळलेले हवे. पावसानंतर आठ-पंधरा दिवस चांगले ऊन पडू द्यावे.

सुटलेला जुना रंग पत्रीने काढावा. मग काचकागदाने घासावे. काचकागदाच्या पाठीवर आकडा छापलेला असतो. आकडा लहान तर कागद खरखरीत. आकडा मोठा तर कागद मऊ. आधी 80 चा, मग 120 चा आणि शेवटी 180 चा कागद घ्यावा. लाकडाच्या रेषा जिकडे जातात, तिकडेच घासावे. आडवे घासले तर ओरखडे रंगातूनही दिसतात.

नंतर ओल्या फडक्याने धूळ पुसून दार वाळू द्यावे. नव्या किंवा उघड्या पडलेल्या लाकडाला प्रायमर म्हणजे अस्तराचा हात द्यावा. तो वाळला की भेगा आणि खिळ्यांची भोके लांबीने बुजवावीत. लांबी वाळली की पुन्हा मऊ कागद फिरवावा. तळहात फिरवून पाहावा. डोळ्याला न दिसणारा खडबडीतपणा हाताला कळतो.

जुन्या रंगातले विष

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. जुन्या तेलरंगांत पुष्कळदा शिसे असे. शिशाची धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाध येतो. पोटुशी बाई आणि तिचे बाळ यांनाही ती घातक आहे. गुरे, वासरे जुना रंग चाटतात आणि दगावतात.

म्हणून जुने दार कोरडे घासू नये. पाणी शिंपडून ओले करून घासावे. मग मात्र ते पुन्हा पूर्ण वाळू द्यावे. नाकातोंडावर चांगला मुखपट्टा बांधावा. खाली जुना कागद पसरावा. मुलांना आणि गुरांना दूर ठेवावे. निघालेले पोपडे त्या कागदात गुंडाळून बाजूला काढावेत. ते उकिरड्यावर, शेतात किंवा चुलीत टाकू नयेत. काम झाले की हात धुऊन मगच भाकरीला बसावे.

नव्या रंगासाठी आपल्या देशात कायदा आहे. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे घालून रंग बनवण्यास बंदी आहे. तसे डब्यावर छापावे लागते. डबा घेताना ती ओळ शोधा आणि वाचा. सुटा, बिनचिठ्ठीचा रंग घेऊ नका. आपण अक्षरे शिकलो, ती अशा वेळी उपयोगी पडतात. दुकानदार काय म्हणतो हे ऐका, पण डबा काय म्हणतो हेही वाचा.

रंगाचा हात

रंग काठीने तळापासून ढवळावा. ब्रशाचे केस निम्म्याहून कमी बुडवावेत. डब्याच्या आतल्या कडेला हलके टेकवून जास्तीचा रंग उतरवावा. आधी रंग लावावा, मग आडवा पसरावा आणि शेवटी ब्रशाच्या नुसत्या टोकाने लाकडाच्या रेषेवरून हलका हात फिरवावा. या शेवटच्या हातानेच सफाई येते.

दाराच्या मधल्या खोलगट फळ्या आधी रंगवाव्यात. मग आडव्या पट्ट्या, मग उभ्या पट्ट्या, शेवटी कडा. भर उन्हात रंगवू नये. वारा सुटून धूळ उडत असेल तरी थांबावे.

तेलरंग पाण्यासारखा नुसता उडून वाळत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. थर जाड असला की वर साय धरते आणि आत ओले राहते. आमच्या जावईबापूंचा सदरा त्यामुळेच रंगला! म्हणून एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत. पहिला हात एक दिवस-रात्र वाळू द्यावा. मग 220 चा कागद हलकेच फिरवावा, धूळ पुसावी आणि दुसरा हात द्यावा.

काम झाल्यावर

ब्रश जुन्या कागदावर पुसावा. टर्पेंटाईनमध्ये धुवावा. मग साबणाने धुऊन, केस सरळ करून, कागदात गुंडाळून टांगावा. केसांवर उभा ठेवला तर तो वाकडा होतो. नीट राखलेला ब्रश कित्येक वर्षे चालतो.

टर्पेंटाईन चुलीपासून आणि विडीपासून दूर ठेवा. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग करू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पाण्यात भिजवाव्यात किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात.

पुढच्या वर्षी आम्ही ते दार पुन्हा घासले आणि रंगवले. तीन दिवस घासण्यात गेले. रंग द्यायला दोन सकाळी पुरल्या. जावईबापू आले, दाराकडे पाहून हसले आणि आधी बोट लावून मगच टेकले.

उत्तरे द्या

1. चुना भिजवताना आधी काय घ्यावे, चुनकळी की पाणी?
2. डोळ्यात चुना गेला तर काय करावे? काय करू नये?
3. 80 चा आणि 180 चा काचकागद यांत मऊ कोणता?
4. जुने दार ओले करून का घासावे?
5. तुमच्या घरी रंगाचा जुना डबा असेल तर त्यावरील मजकूर मोठ्याने वाचा. शिशाविषयी त्यावर काय लिहिले आहे, ते वहीत उतरवा.