उशाशी मनी, छातीत घरघर

हैदराबादच्या मलकपेठहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची ओळख पटेल असं काही न लिहिता त्यातलं दुखणं इथे मांडते. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या मुलीनं गंजातल्या, म्हणजे तिथल्या घाऊक बाजारातल्या, कांद्याच्या पोत्यांआडून एक भिजलेलं पिल्लू उचलून आणलं. त्याची मनी झाली. आता ती रात्री ताईंच्या उशाशी झोपते. ताईंना सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका येतात, डोळे खाजून लाल होतात, आणि गेल्या हिवाळ्यापासून पहाटे खोकल्यानं जाग येते. सासूबाई म्हणतात, मांजराचे केस पोटात गेले की दमा होतो. शेजारच्या तेलुगू बाई म्हणतात, ती ‘पिल्ली’, म्हणजे मांजर, आधी लांब सोडून या. आणि ताईंनी सहा महिने सर्दीची औषधं घेतली, पण घरात मांजर आहे हे डॉक्टरांना सांगितलंच नाही. सांगितलं तर ते ‘काढून टाका’ म्हणतील, ही भीती.

ताई, ही भीती मला समजते. तिला आम्ही डॉक्टरही जबाबदार आहोत. रुग्णाचं ऐकून न घेता ‘मांजर काढा’ एवढंच सांगून आम्ही पुढच्या माणसाला आत बोलावतो. मग मांजर घरातच राहतं आणि डॉक्टरांना मात्र ते कधीच कळत नाही. उपचार चुकतो तो इथेच. म्हणून पुढच्या वेळी आत शिरल्याबरोबर सांगा, घरात मांजर आहे, ती माझ्याजवळ झोपते आणि मला तिला सोडायचं नाही. हे तीन शब्दांत सांगितलंत तरी चालेल, पण सांगा.

आता सासूबाईंचं म्हणणं. आपल्याकडे ते घरोघरी ऐकू येतं. त्यात मांजराचा संबंध बरोबर ओळखलेला आहे, फक्त वाट चुकली आहे. मांजराचा केस गिळल्यानं दमा होत नाही. मांजराच्या कातडीतल्या तेलकट ग्रंथींत आणि लाळेत एक प्रथिन तयार होतं, त्याला ‘फेल डी १’ असं नाव आहे. मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांचं शरीर याच प्रथिनावर उलटतं. मनी दिवसभर स्वतःला चाटत असते. ती लाळ अंगावर वाळते, कोंड्याबरोबर तिची पूड होते आणि ती हवेत उडते. त्यातले कित्येक कण मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही लहान असतात. इतके हलके कण तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर पार आतल्या श्वासनलिकांपर्यंत पोचतात. म्हणूनच केस दिसले नाहीत म्हणजे घर साफ झालं, असं होत नाही. आणि म्हणूनच केस कमी असलेली महागडी जात विकत घेण्यातही अर्थ नाही. बिनकेसांच्या मांजराच्या लाळेतही हेच प्रथिन असतं.

मांजर पिलांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. हे प्रथिन त्याहून जास्त घरं फिरतं. ते कपड्यांना चिकटतं आणि बसमध्ये, शाळेत, कचेरीत जातं. स्टॉकहोममधल्या शाळांत २००१च्या सुमारास झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की मांजराची अ‍ॅलर्जी आणि दमा असलेल्या, पण घरी मांजर नसलेल्या मुलांचा त्रास सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यावर वाढला, आणि तो ज्या वर्गांत मांजरवाली मुलं जास्त होती तिथे जास्त वाढला. घरातून मांजर गेलं तरी हे प्रथिन गादी-पडद्यांतून ओसरायला चार ते सहा महिने लागतात. ‘पंधरा दिवस मनीला बहिणीकडे ठेवलं, तरी शिंका थांबल्या नाहीत, म्हणजे मांजराचा दोष नाही’ हा हिशेब त्यामुळे फसवा आहे. उलट तुम्हीच महिनाभर माहेरी राहिलात आणि परतल्यावर पहिल्याच रात्री नाक चोंदलं, तर तो पुरावा जास्त भरवशाचा.

तरीही सगळं खापर मनीवर फोडू नका. मलकपेठेत नाकाला त्रास देणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. गंजातली सुक्या मिरचीची धूळ, मूसीच्या बाजूच्या जुन्या घरांतली ओल आणि बुरशी, स्वयंपाकघरातली झुरळं, गाद्यांतले धुळीचे किडे, मोकळ्या जागांवरचं गाजरगवत, गॅलरीतली कबुतरं. संध्याकाळी लावलेली मच्छर अगरबत्ती आणि ऊद तर थेट छातीत जातात. म्हणून तपासणी करा. कातडीवर थेंब ठेवून सुईनं हलकं टोचण्याची चाचणी अर्ध्या तासात होते. त्याआधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, हे विसरू नका. रक्तावरची ‘स्पेसिफिक आयजीई’ चाचणी हाही पर्याय आहे. पण शंभर-दीडशे पदार्थांची पॅकेजं करून घेऊ नका. चाचणीत एखादं नाव आलं म्हणजे त्याचा त्रास होतोच असं नाही, आणि अशा कागदाच्या धाकानं वांगी, दही, भात सोडून बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या पत्रात मनीबद्दल दोन पानं आहेत आणि पहाटेच्या खोकल्याबद्दल एकच ओळ. माझ्या दृष्टीनं ती ओळ सगळ्या पत्रापेक्षा मोठी आहे. अ‍ॅलर्जी नाक-डोळ्यांपुरती असेल, तर मांजराबरोबर राहण्याचा विचार शांतपणे करता येतो. ती छातीत उतरली असेल, तर आधी छाती, मग बाकी सगळं. स्वतःला गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस धाप, खोकला किंवा छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज झाला का? एकदा तरी रात्री त्यामुळे जाग आली का? आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? जिना चढणं, बाजारातून पिशवी आणणं कमी केलं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर दमा ताब्यात नाही असं समजून छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि स्पायरोमेट्री म्हणजे फुंकरीची चाचणी करून घ्या. ताई, तुमचं एक उत्तर मला पत्रातूनच मिळालं आहे.

पंपाची भीती बाळगू नका. ‘सवय लागते’, ‘हा शेवटचा उपाय’ ही दोन वाक्यं ऐकून कितीतरी जण गोळ्यांवर दिवस काढतात. पंपातलं औषध गोळीच्या मानानं फार थोडं असतं आणि थेट श्वासनलिकेत जातं. सूज उतरवणारा पंप रोज लागतो. नुसता साल्ब्युटामॉलचा निळा पंप ओढून दमा सांभाळायचा, ही पद्धत आता सुरक्षित मानली जात नाही. २०१९पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनातही तसंच सांगितलं आहे. पंप ओढल्यावर चूळ भरा, आणि नीट जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, मागून घ्या.

नाकासाठी फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा फवारा सगळ्यात उपयोगी, पण तो दोन दिवसांत चमत्कार करत नाही, पुरता गुण यायला आठ-पंधरा दिवस लागतात. डोकं जरा पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, मधल्या पडद्याकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूला फवारा मारा. जोरात ओढू नका, नाहीतर औषध घशात जातं. शिंका आणि खाज यांच्यासाठी गोळी चालते. सेटिरिझिननं झोप येत असेल तर स्कूटर चालवू नका, फेक्सोफेनाडिन घेत असाल तर ती पाण्याबरोबरच घ्या, मोसंबीच्या रसाबरोबर नको. नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे घातले तर नाक आणखी चोंदतं. आणि मोंटेलुकास्ट मिसळलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते, मेडिकलमधून परस्परही आणली जाते. तिच्यामुळे काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२०मध्ये त्याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. घरात कुणाचा स्वभाव अचानक बदलला तर या गोळीची आठवण ठेवा.

हैदराबादेत राहून माशाच्या औषधाबद्दल न बोलता कसं चालेल? मृग निघाला की नामपल्लीच्या प्रदर्शनी मैदानावर बत्तिनी कुटुंब मरळ माशाच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात पिवळं औषध घालून ते गिळायला देतं, आणि महाराष्ट्रातूनही माणसं मुलांना कडेवर घेऊन येतात. त्या रांगेत उभ्या असलेल्या आईची तळमळ मी जाणते. पण त्यानं दमा बरा होतो हे कसोटीवर सिद्ध झालेलं नाही. श्रद्धेनं जायचं असेल तर जा, पण पंप पिशवीत घेऊन जा आणि परत आल्यावर एक दिवसही बंद करू नका.

आता घर. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: मनीनं झोपायच्या खोलीत यायचं नाही. दिवसाही नाही, मुलगी रडली तरी नाही. माणूस दिवसाचे सात-आठ तास त्या खोलीत श्वास घेतो, तेवढे तास नाक-छातीला विश्रांती मिळाली पाहिजे. उशीचे अभ्रे, चादरी, गोधडी एकदा सगळं धुऊन काढा, गादीला घट्ट विणीचं कव्हर घाला, मगच दार लावायला सुरुवात करा. मनीला मांडीवर घेतलं असेल तर झोपताना कपडे बदला आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. तुमच्याकडे शहाबादी फरशी आहे हे वाचून बरं वाटलं. तिच्यावर काही टिकत नाही. ओल्या फडक्यानं पुसली की काम झालं. गालिचे आणि जाड पडदे मात्र काढाच. कोरडा झाडू मारला की बसलेलं सगळं पुन्हा हवेत येतं, म्हणून झाडणं दुसऱ्या कुणाकडे द्या, नाहीतर मास्क लावा. हवा शुद्ध करणारं यंत्र हेपा फिल्टरचं असेल तर थोडी मदत होते, पण मनी उशाशीच झोपणार असेल तर ते पैसे वाया गेले.

मनीला अंघोळ घालावी का? अंघोळीनं प्रथिन कमी होतं, पण दोन दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं. आठवड्यातून दोनदा मांजर भिजवायची तर ओरखडे ठरलेलेच, आणि ओरखडा म्हणजे रेबीजचा प्रश्न. ओरखडा उठला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लसीसाठी लगेच डॉक्टर गाठा. त्यापेक्षा ओल्या कापडानं रोज अंग पुसणं सोपं. ते काम आणि शी-शूची वाळू बदलणं घरातल्या अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाकडे द्या. बोका असेल तर त्याची नसबंदी करून घ्या, त्यानं हे प्रथिन कमी होतं. नारायणगुड्याला सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, मनीची लस आणि बाकी चौकशी तिथे करता येईल. कोंबडीच्या अंड्यातल्या प्रतिपिंडांचं एक मांजर-खाद्यही परदेशात निघालं आहे. तीन आठवडे दिल्यावर मांजराच्या केसांवरचं प्रथिन सरासरी ४७ टक्के कमी झालं, असं ते बनवणाऱ्या कंपनीच्याच अभ्यासात आढळलं. निम्मं कमी झालं तरी निम्मं उरतंच.

अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, म्हणजे इम्युनोथेरपी, हा तीन ते पाच वर्षांचा मार्ग आहे. काहींना त्याचा चांगला उपयोग होतो. पण दमा ताब्यात नसताना ती सुरू करू नयेत, आणि प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं. ऋतू बदलला की एक घेऊन येतो, असं ज्या स्टिरॉइडच्या सुईबद्दल लोक सांगतात, ती ही नव्हे. ती सुई घेऊ नका.

आणि तरीही मनीला सोडावं लागेल अशी वेळ येते का? येते. नियमित पंप घेऊन, खोली बंद ठेवूनही रात्रीची जाग थांबली नाही, वर्षात एकदा जरी दम्यासाठी इस्पितळात भरती व्हावं लागलं, किंवा घरातल्या लहान मुलाला धाप लागायला लागली, तर मी तुम्हाला स्पष्ट सांगेन की मनीसाठी दुसरं घर बघा. ओळखीचं घर, जिथे मुलगी तिला भेटायला जाऊ शकेल. गंजात नेऊन सोडणं हे उत्तर नाही. पाळलेल्या प्राण्याला वाऱ्यावर सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानंही गुन्हा आहे. आणि बोलताना धाप लागून वाक्य पुरं होईनासं झालं, ओठ निळसर दिसले, पंपानं आराम पडेना, तर कुणाची वाट न बघता १०८ला फोन करा. ती सेवा २००५मध्ये आपल्या हैदराबादेतच सुरू झाली.

ताई, मुलीशी तुम्ही स्वतः बोला. ‘मनीमुळे आई आजारी पडली’ असं सासूबाईंच्या तोंडून तिनं ऐकू नये. तिला दार लावायचं काम द्या, मनीच्या झोपण्याची टोपली बैठकीत कुठे ठेवायची ते तिलाच ठरवू द्या. एक वही करा आणि आठ आठवडे रोज लिहा, रात्री जाग आली की नाही, पंप किती वेळा लागला. दोन महिन्यांनी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि मलाही लिहा. या वेळी पत्रात आधी झोपेचं लिहा, मग मनीचं.