जखमी सापाला आधी ऊब लागते

गवत कापण्याच्या यंत्राखाली सापडलेली धामण, फुटबॉलच्या गोलजाळीत गुंतलेला नाग, रस्ता ओलांडताना चाकाखाली शेपूट चिरडलेली दिवड. लष्करी शाळांची आवारे मोठी असतात. तिथे गवत भरपूर, उंदीर त्याहून भरपूर, आणि म्हणून सापही असतातच. पूर्वी साप दिसला की काठी निघायची. आता बऱ्याच ठिकाणी वनविभागाला किंवा सर्पमित्राला फोन जातो. हा बदल चांगला आहे, पण साप पिशवीत गेला की आपण टाळ्या वाजवून परततो. जखमी सापाचे पुढे काय होते हे सहसा कोणी विचारत नाही. खरी सुटका तर त्यानंतर सुरू होते, आणि ती काही आठवडे किंवा महिने चालते.

साप ‘थंड रक्ताचा’ आहे, असे आपण जीवशास्त्रात पाठ करतो. हे शब्द थोडे फसवे आहेत. दुपारी उन्हात पडलेल्या सापाचे रक्त चांगलेच गरम असते. फरक इतकाच की आपले शरीर आतली भट्टी पेटवून ३७ अंश सेल्सिअस राखते, आणि सापाला ती उष्णता बाहेरून घ्यावी लागते. ऊन, तापलेला दगड, बिळातली ऊब यांवर त्याचे पचन, जखम भरणे आणि जंतूंशी लढणे अवलंबून असते. आपल्याकडच्या बहुतेक सापांची ही कामे साधारण २८ ते ३२ अंशांच्या आसपास नीट चालतात. डिसेंबरात उत्तर भारतातल्या एखाद्या थंड फरशीवर जखमी साप खोक्यात ठेवला, तर उत्तम औषध देऊनही तो सुधारत नाही. पोटात उंदीर असेल तर तो पचण्याऐवजी कुजतो आणि साप तो ओकून टाकतो.

याचा एक सुंदर पुरावा आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मॅथ्यू क्लूगर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्यांना जंतूंचा संसर्ग करून त्यांना ३४ ते ४२ अंशांपर्यंतच्या वेगवेगळ्या तापमानांत ठेवले. जितकी ऊब जास्त, तितके जगलेले सरडे जास्त, असे दिसले. निवड करू दिली, तर आजारी सरडा आपण होऊन नेहमीपेक्षा गरम जागी जाऊन बसतो, हेही त्यांच्या आधीच्या प्रयोगात दिसले होते. म्हणजे आपल्याला ताप येतो, आणि सरडा चालत जाऊन ताप ‘आणतो’. मला ही गोष्ट कोणत्याही जादूपेक्षा भारी वाटते.

म्हणून उपचार केंद्रातल्या पेटीला एक गरम टोक आणि एक थंड टोक असते. कुठे बसायचे ते सापच ठरवतो. लपायला जागा आणि पाण्याचे भांडे असते, आणि पेटीवर बहुतेक वेळ कापड टाकलेले असते, कारण सतत माणसे दिसली की प्राणी खाणे सोडतो.

औषधाचे गणितही वेगळे आहे. आपण सिक रिपोर्टला एम. आय. रूममध्ये गेलो की गोळी दिवसातून तीनदा मिळते. सापाचे शरीर औषध फार हळू बाहेर टाकते. सेफ्टाझिडीम नावाचे प्रतिजैविक त्याला साधारण ७२ तासांतून एकदाच टोचतात. तेही शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात, कारण मागच्या भागातले रक्त हृदयाकडे परतताना मूत्रपिंडांतून जाऊ शकते आणि औषध काम करण्याआधीच निघून जाण्याचा किंवा मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका असतो. माणसाच्या त्वचेचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात, सापाचे चार ते सहा आठवडे ठेवावे लागतात, कधी पुढची कात टाकेपर्यंत. पूर्वी शस्त्रक्रियेसाठी सापांना बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवून ‘गार’ करत. थंडीने तो हलत नाही, पण वेदना थांबत नाही, म्हणून आता ती पद्धत सोडून भूल दिली जाते.

सगळ्यात वाईट अवस्थेत येतात ते गारुड्यांकडून सोडवलेले नाग. नागपंचमीच्या आधी त्यांना पकडून विषदंत तोडतात, काहींचे ओठ शिवतात आणि भरपूर तहानलेले ठेवतात. मग वाटीतले दूध तो पितो आणि लोक हात जोडतात. साप हा सस्तन प्राणी नाही, दूध पचवण्याची सोय त्याच्याकडे नाही. तो फक्त तहानेने पितो. दूध श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला सूज येते. अशा नागाचे टाके कापले की जबड्यात पू सापडतो. त्याला लगेच उंदीर देणे हा घातक दयाळूपणा आहे. उपाशी शरीराला आधी पाणी आणि क्षार, मग नळीने पातळ अन्न थोडे थोडे, आणि बऱ्याच दिवसांनी पूर्ण भक्ष्य, असा क्रम असतो. विषदंत तुटले तरी पुन्हा येतात, म्हणून ‘दात काढलेला नाग निर्धोक’ असे समजून कोणी हात लावू नये. जबड्याचे हाडच सडले असेल तर मात्र तो पुन्हा शिकार करू शकेल याची खात्री नसते.

सगळे साप वाचत नाहीत. पाठीचा कणा तुटून मागचा अर्धा भाग लोळागोळा झाला असेल, तर पशुवैद्य कधी कधी त्याला वेदनारहित मरण देतात. आमच्या वर्गात यावर वाद झाला. काहींना हा पराभव वाटला. माझे मत असे की सरपटणारा प्राणी मरायलाही फार दिवस घेतो, आणि त्याला ओरडता येत नाही म्हणून त्याचे दुखणे कमी होत नाही.

आता आपल्या हातात काय आहे? साप पकडणे आपले काम नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८,००० माणसे मेली, असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे. त्यामुळे सापाला घाबरणारा माणूस मूर्ख नसतो. जखमी साप तर जास्त चटकन चावतो, आणि मेलेला वाटणारा सापही चावू शकतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामण पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारणे किंवा खोक्यात पाळणे हा गुन्हा आहे. तेव्हा दोन-तीन मीटर लांब उभे राहायचे, गर्दी हटवायची, साप कुठे सरकतो त्यावर नजर ठेवायची आणि ड्यूटी मास्टरांमार्फत वनविभागाला कळवायचे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. पाणी ओतायचे नाही, दूध ठेवायचे नाही, जखमेवर हळद टाकायची नाही. जाळीत अडकलेला साप ओढायचा नाही. जाळी खेचली की ती खवल्यांखाली आणखी रुतते. जाणकार माणूस आल्यावर तो जाळीच कापतो. खेळ झाल्यावर गोलजाळी जमिनीपासून वर बांधून ठेवणे एवढे मात्र आपण रोज करू शकतो.

आणखी एक काम आहे, जे फार जण विसरतात. बरा झालेला साप कुठे सोडायचा? ‘लांबच्या घनदाट जंगलात’ हे उत्तर ऐकायला छान वाटते. कर्नाटकातल्या आगुंबे येथे नागराजांच्या शरीरात रेडिओ ट्रान्समीटर बसवून अभ्यास झाला आहे. तिथे दूर नेऊन सोडलेला नर आपल्या हद्दीत राहणाऱ्या नरापेक्षा कितीतरी जास्त भटकला. अनोळखी जागी सापाला पाणी कुठे, बीळ कुठे, शत्रू कुठे हे माहीत नसते. भटकताना तो रस्त्यावर येतो, वस्तीत शिरतो आणि पुन्हा जखमी होतो. म्हणून त्याला सापडलेल्या जागेच्या जवळपासच, योग्य हवामान पाहून सोडतात. सहा आठवड्यांनी ही जागा कोणाला आठवणार? वनरक्षक साप घेऊन जातील तेव्हा तारीख, वेळ आणि नेमके ठिकाण कागदावर लिहून त्यांच्या हातात द्यावे. ‘शाळेत सापडला’ एवढे पुरत नाही. ‘अडथळा मैदानाच्या मागचा नाला, दुसऱ्या पुलाजवळ’ असे लिहावे.